मुंगी न लागलेल्या चकत्या

चकत्यांना मुंगी लागत नाही, हे सगळ्यात आधी माझ्या सासूच्या लक्षात आलं. मला तो टोमणाच वाटला.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. गच्चीवर पांढऱ्या शीटवर मी चिकूच्या चकत्या वाळत घातल्या होत्या. आई, म्हणजे माझी सासू राहीबाई, गुडघे धरत जिना चढून वर आली आणि बराच वेळ त्या चकत्यांकडे बघत राहिली. तिचं हे बघत राहणं मला कधीच आवडलं नाही. भाजीकडे बघत राहिली की मीठ जास्त झालेलं असतं.

“माधवी, ह्यांना मुंगी कशी न्हाय गो लागली?”

“स्वच्छता ठेवते म्हणून,” मी म्हणाले.

“गोड वस्तू तीन दिस उन्हात हाय. मुंगी न्हाय, माशी न्हाय. मना ह्या बरा दिसत न्हाय.”

माशा होत्या. चकत्यांवर बसलेल्या नव्हत्या, शीटच्या कडेला पडलेल्या होत्या. रोज सकाळी मी त्या केरसुणीने लोटून गच्चीच्या पन्हाळीत ढकलत होते. उन्हाने मरत असतील असं मी धरून चालले होते. जानेवारीच्या उन्हाने. आज हे आठवलं की माझी मलाच थोबाडीत मारावीशी वाटते.

पण तेव्हा माझं डोकं वेगळ्याच हवेत होतं. मी पडघ्याजवळच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन अंजूरला आले तेव्हा इथल्या शेतांची गोडाऊन होत आलेली होती आणि पोरांच्या हातात रंगीत पाकिटं आलेली होती. आमचा भाविक साडेतीन वर्षांचा. बालवाडीच्या डब्यात बाकीची पोरं ती पाच-दहा रुपयांची कुरकुरीत पाकिटं आणायची आणि हा घरी येऊन जमिनीवर लोळण घ्यायचा. एक दिवस मी बालवाडीच्या दारातच तोंड सोडलं. आयांनो, लाज वाटू द्या, पोरांना तिखट रंग खायला घालता, एवढंही उठून करवत नाही का, असं बरंच काही. शेजारची करिष्मा तिच्या मनालीला घ्यायला आली होती. मनालीच्या हातात पाकीट होतं. करिष्माने ते हळूच ओढणीखाली घेतलं.

“मग तूच शिकव ना आम्हाला, डॉक्टरीणबाई,” ती हसून म्हणाली. करिष्मा रागावत नाही. तिच्या जागी मी असते तर वर्षभर बोलले नसते.

असं बोलून बसल्यावर करून दाखवणं भाग होतं. भिवंडीच्या बाजारातून चिकू आणले. सुकवायला चिकू पिकलेला हवा, पण दाबला तर बोट रुतायला नको. साल काढायची, बिया काढायच्या, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या चकत्या करायच्या. वसईच्या बाजूची राजेळी केळी मिळाली तर सोलून तीही सुकवायची, आठवडाभरात त्यांची मधासारख्या रंगाची सुकेळी होते. कृती सोपी आहे. अवघड आहे ते सुकवणं. स्टीलच्या ताटात चकत्या चिकटल्या आणि काढताना फाटल्या. मलमलच्या कापडावर घातल्या तर कापडाचे धागे त्यांना लागले. आणि मुंग्या तर काय, जिन्यापासून गच्चीपर्यंत रांग. पहिला सगळा घाणा मी गाईला घातला.

तेव्हा धनेशने ती शीट आणून दिली.

आमच्या भागात एक रीत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण तिच्यावरून भावाभावांची डोकी फुटलेली आहेत. ज्याच्या जमिनीवर गोडाऊन उभं आहे, त्या गोडाऊनमधून निघणाऱ्या भंगारावर त्याचा हक्क. पुठ्ठा, लाकडी फळ्या, ड्रम, प्लास्टिक, जे काही आतला मालवाला टाकून देईल ते जमीनमालकाच्या घरी जातं. आमच्या जमिनीवर चार गाळे आहेत. धनेश, माझा नवरा, रोज संध्याकाळी टेम्पो घेऊन जातो आणि भरून आणतो. बरंचसं विकतो, उपयोगाचं ठेवतो. आमचं कुंपण माल ठेवायच्या फळ्यांचं आहे. मोरीतलं पाण्याचं पिंप निळ्या ड्रमचं आहे. पावसाळ्यात लाकडं झाकायला लागणारं प्लास्टिक आम्ही कधी विकत घेतलेलं नाही. असंच सगळ्या गावाचं आहे. फुकट आलेलं नाही, आमच्या जमिनीतून आलंय, असं धनेश म्हणतो, आणि ते म्हणताना त्याची मान ताठ होते.

शीट जाड होती, पांढरीशुभ्र, आतून गुळगुळीत. धनेशने ती अंगणात साबणाच्या पाण्याने धुतली, दोरीवर टाकली. तिला थोडा वास होता, लसणीसारखा, मध्येच औषधासारखा. प्लास्टिकचा असेल म्हटलं. एक दिवस उन्हात ठेवली, वास कमी झाला. थोडा राहिला तो मी चकत्यांवर वेलचीची पूड भुरभुरवून घालवला.

आणि काय सुकल्या त्या. बोट लावलं की सुटून येणारी चकती, कडा सरळ, रंग बदामी. मुंगी नाही. मी फोटो काढून बालवाडीच्या आयांच्या ग्रुपवर टाकला. करिष्माने हात जोडलेली तीन चित्रं पाठवली. दुसऱ्या दिवसापासून भाविकच्या डब्यात चकत्या, मधल्या सुट्टीला बाकीच्या पोरांनाही एकेक. पोरांना आवडलं. मी गावात जरा ऐटीत चालायला लागले.

दहा-बारा दिवसांनी भाविकची लाळ गळायला लागली. तान्हं बाळ असताना गळायची तशी. सकाळी उशी ओली, दुपारी शर्टाचा पुढचा भाग ओला. थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाळाला घाम यायचा. दाढा येत असतील, मी म्हटलं. मग तो खेळताना मध्येच बसायला लागला. “पोट दुखतं,” म्हणायचा आणि भिंतीला टेकायचा. चॉकलेट मिळावं म्हणून नाटक करतोय असं मला वाटलं, आणि मी त्याला आणखी दोन चकत्या दिल्या.

एक दिवस त्याला आंघोळ घालताना त्याच्या डोळ्यांकडे माझं लक्ष गेलं. बुबुळातला काळा ठिपका बारीक झाला होता, मोहरीएवढा. न्हाणीत अंधार होता. अंधारात तो मोठा व्हायला हवा, एवढं मला शाळेत शिकवलेलं होतं. मी त्याला उचलून अंगणात आणला, पुन्हा बघितलं. तेवढाच. पण टॉवेल हातात होता, दूध उतू जात होतं, आणि हे कोणाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं ते मला कळेना.

त्या संध्याकाळी मी धनेशला विचारलं, “ती शीट कसल्या मालावरची होती?”

तो ओट्यावर बसून पात्याने एका प्लास्टिकवरचं लेबल खरवडत होता. कंपनीचं नाव असलेलं भंगार घ्यायला भंगारवाले कुरकुर करतात, म्हणून तो लेबलं काढून टाकतो.

“चार नंबर गाळ्यातली. खताच्या गोण्यांवरची असंल.”

“असंल म्हणजे?”

“मी काय आत बसलेलो असतो काय? बाहेर टाकतात, मी उचलतो. धुतली ना मी? आनि खत काय वाईट हाय, शेतात टाकतोच की.”

मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. तो खरवडत असलेलं लेबल हातात घेऊन बघायला हवं होतं. मी उठले आणि भात लावला. विचारलं असतं आणि उत्तर मिळालं असतं, तर मला बालवाडीच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं. ज्या दारात मी तोंड सोडलं होतं, त्याच.

रथसप्तमी जवळ आली तशी बोरन्हाणाची तयारी सुरू झाली. खरं तर आमच्या घरात हे पूर्वी नव्हतं. हल्ली मोबाईलवर बघून सगळे करायला लागलेत. लहान पोराला काळा झबला आणि हलव्याचे दागिने घालून मधोमध बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते लुटून खायचं. आता त्यात चॉकलेटं आणि पाकिटंही ओततात. मी ग्रुपवर लिहिलं, आमच्याकडे पाकीटबंद काही असणार नाही, सगळा खाऊ घरी सुकवलेला. पंचवीस बायका आणि त्यांची पोरं येणार होती.

आठ किलो चिकू आणले, पाच डझन केळी. जुनी शीट पुरेना. धनेशने चार नंबर गाळ्यातून आणखी तीन आणल्या. दोन गच्चीवर अंथरल्या, तिसरी पोरांना बसायला ठेवून दिली. ह्या वेळी त्याला घाई होती, त्याने नुसतं नळाचं पाणी मारलं. वास जास्त होता. मी वेलची जास्त घातली.

चकत्या उतरवायच्या आदल्या दिवशी आईने मला वर बोलावलं. कठड्यावर तिने दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक चिमूट साखर आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर एक चकती. साखरेला मुंग्यांची काळी रांग लागली होती. ती रांग कठड्यावरून सरळ येत होती, चकतीच्या अलीकडे वळत होती, तिला वळसा घालून पुन्हा सरळ होत होती.

“सकालपासून बगतंय,” आई हळू आवाजात म्हणाली. “तीन वेला चकती हलवली. जिथं ठेवतंय तिथून त्या वलतात.”

मी बघितलं. वळसा मी माझ्या डोळ्यांनी बघितला. आणि माझा पारा चढला. भीती वाटली की मला रागच येतो, लहानपणापासूनचं आहे हे.

“वेलची आहे तिच्यावर, आई. वेलचीचा वास मुंग्यांना चालत नाही. उद्या माणसं येणार आहेत आणि तुम्ही मुंग्यांचे खेळ लावून बसलात.”

मी पदराने साखर, चकती, मुंग्या सगळं कठड्यावरून खाली झाडून टाकलं. आई जिन्याकडे वळली. जिन्याच्या दाराशी थांबून म्हणाली, “भाविकला ह्या चकत्या देव नको. एवढा ऐक माजा.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण त्या संध्याकाळी भाविकने मागितली तेव्हा मी त्याला चकती दिली नाही. काय कारण सांगितलं आठवत नाही. म्हणजे मला कुठेतरी माहीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी मी पंचवीस घरच्या पोरांसाठी त्याच चकत्या पातेल्यात काढल्या.

बोरन्हाण पाच वाजता सुरू झालं. अंगणात मांडव, मध्ये ती तिसरी पांढरी शीट घडी घालून अंथरलेली, तिच्यावर पाट आणि पाटावर हलव्याचा मुकुट घालून भाविक. तो मलूल होता, पण फोटोत शहाणा दिसत होता. पोरं भोवती उकिडवी बसली होती, तयारीत. माझ्या हातात मोठं पातेलं होतं. बायकांनी मोबाईल वर धरले. मी ओतलं.

बोरं उडाली, करवे उडाले, चकत्या शीटवर पसरल्या आणि पोरं तुटून पडली. बोरन्हाणात कोणी कोणाला थांबवत नाही. जो जास्त गोळा करेल आणि आधी खाईल तो जिंकला. एका हाताने गोळा करायचं, दुसऱ्या हाताने तोंडात टाकायचं. सगळ्या हसत होत्या. मीही हसत होते.

त्या ओढाओढीत शीटचा कोपरा उलटला. आतल्या घडीवर लेबल होतं. धनेशचं खरवडायचं राहून गेलेलं. अर्धं फाटलेलं होतं, नाव गेलेलं होतं, पण चौकोन शाबूत होता. एका टोकावर उभा केलेला चौकोन, खालचा अर्धा भाग लालभडक, वरच्या अर्ध्यात कवटी.

शेतकऱ्याच्या पोरीला हा चौकोन वाचावा लागत नाही. माझे वडील फवारणीचं औषध आणायचे तेव्हा बाटलीवर रंग असायचा. हिरवा, निळा, पिवळा असला तर बाटली पडवीतल्या फळीवर राहायची. लाल असला तर माळ्यावर, शिडी काढून घ्यायची, आणि माझी आई आम्हाला त्या दिवशी पडवीतसुद्धा जाऊ द्यायची नाही.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण ह्याच्यावरच सगळं आहे. मी वाकले. भाविकच्या तोंडात बोट घातलं आणि अर्धवट चावलेली चकती काढली. पदराने त्याची जीभ पुसली, हात पुसले. त्याच्या मुठीतल्या चकत्या काढून माझ्या कमरेला खोचल्या. शीटचा कोपरा पायाने दुमडून पाटाखाली सारला. एवढं करायला किती वेळ लागला असेल. तेवढा वेळ मी तोंडातून शब्द काढला नाही.

का नाही काढला? पंचवीस बायका बघत होत्या म्हणून. मोबाईल चालू होते म्हणून. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे गुपचूप निस्तरता येईल. मी मोठ्याने म्हणाले, “पोरांनो, चकत्या परत द्या बघू काकीला, काकी दुसरा खाऊ देणार आहे.” मी हसत म्हणाले. पोरांना तो खेळाचाच भाग वाटला. काकी आपला खाऊ परत घ्यायला येते आहे असं दिसल्यावर त्यांनी होत्या तेवढ्या चकत्या भराभर तोंडात कोंबल्या. एकाने तर दोन्ही गाल फुगवून मला दाखवले. बायका पोट धरून हसल्या.

एकटी मनाली खात नव्हती. तिने दोन्ही मुठी भरून घेतल्या होत्या आणि माझ्यासमोर येऊन उभी होती. “काकी, मी खाऊ?” तिने विचारलं.

करिष्मा माझ्या खांद्याशी उभी होती. “बघ, माझीच एकटी शहाणी. तुझी परवानगी मागते,” ती म्हणाली. “हो म्हण बाई तिला.”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली.

मनालीने एक मूठ तोंडात रिकामी केली. तिचं चावणं मी बघितलं. मग दुसरी मूठ. आणि तेव्हा माझ्या घशातून ओरडणं निघालं. विष आहे, थुंका, विष आहे त्यात, थुंकायला लावा. मी पातेलं फेकलं, पोरांच्या तोंडात बोटं घालत सुटले. आधी कोणाला कळेना. आईला कळलं. ती घरातून पाण्याची कळशी घेऊन आली आणि एकेका पोराला धरून चूळ भरायला लावायला लागली, हात धुवायला लागली. पोर रडलं तर तिने त्याचं तोंड दाबून उघडलं. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

पहिली उलटी करिष्माच्या मनालीला झाली. टेम्पोत.

भिवंडीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सात पोरं वाकडी झाली होती. कोणाच्या तोंडाला फेस, कोणाच्या पापणीला सारखी फडफड. बाकीच्यांना बाकावर ओळीने बसवलं होतं. धनेशने मला दारात गाठलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“शीटचा काय बोलू नको,” तो म्हणाला. “चिकू खराब निघालं सांग. गाळा बंद करतील, केस होईल आपल्यावर. चिकू सांग.”

मी येताना लेबलाचा तो तुकडा फाडून ब्लाउजमध्ये ठेवला होता. मी तो डॉक्टरांच्या हातात दिला. हे एक मी बरोबर केलं, आणि त्याचं काही मोल आहे असं मला वाटत नाही. डॉक्टरांनी चौकोन बघितला, मनालीच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि नर्सला इंजेक्शनाचं नाव ओरडून सांगितलं. मग विचारलं, “नाव फाटलंय. कोणतं औषध होतं?” मी धनेशकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत राहिला, मग फोन काढून बाहेर गेला. दहा मिनिटांनी गाळ्याच्या वॉचमनकडून नाव मिळालं. परत आलेला माल होता, फुटक्या डब्यांचा. वॉचमनने हसून विचारलं म्हणे, का, तुमच्याकडे घुशी झाल्यात का?

सात वाजेपर्यंत सहा पोरांच्या नाड्या ताळ्यावर आल्या. भाविकही त्यांच्यातच होता. त्याच्या अंगात आधीपासून थोडं थोडं साचलेलं होतं, पण आज त्याने सगळ्यात कमी खाल्लं, असं डॉक्टर म्हणाले. मनालीला काचेच्या पलीकडे नेलं होतं. तिला श्वास स्वतःहून घेता येत नव्हता. तिच्यासाठी मशीन घेत होतं. “उद्या दुपारपर्यंत काही सांगता येणार नाही,” एवढंच ते म्हणाले. वय विचारलं. चार पूर्ण, मी सांगितलं, कारण करिष्माला बोलता येत नव्हतं.

आम्ही दोघी काचेसमोरच्या बाकावर बसलो. करिष्माच्या साडीला उलटीचे डाग होते. तिचा नवरा गुजरातच्या फेरीवर गेलेला, त्याला यायला पहाट होणार होती. तिने माझा हात हातात घेतला. मला वाटलं ती आता मला मारेल, आणि बरं वाटलं असतं. तिने माझा हात तिच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात ठेवला.

“तू बघितलंस आणि लगेच ओरडलीस,” ती म्हणाली. “दुसरी कोण असती तर लपवलं असतं. सगळ्यांच्या समोर, घरात कार्य चाललेलं असताना. नाय केलं असतं कोणी. तुझ्यामुळे बाकीची पोरं वाचली गं.”

काचेपलीकडे मशीनचा आवाज येत होता. मी गप्प बसू शकत होते. कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये मी आधी हसताना होते आणि मग ओरडताना.

“भाविक कसा हाय?” करिष्माने विचारलं. स्वतःची पोर तिकडे असताना तिने हे विचारलं.

“बरा आहे. झोपलाय.”

“देवाची कृपा. त्याने कमी खाल्लं म्हणे.”

“मी त्याच्या तोंडातून काढली,” मी म्हणाले. “बोट घालून काढली. हातपण पुसले.”

“हां. ओरडलीस तेव्हा.”

“नाही. आधी.”

करिष्माचे हात माझ्या हातावर तसेच होते. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. तिने काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे, दमलेल्या माणसाने बघावं तसं.

“कशाच्या आधी?” तिने विचारलं.

“मनालीला मान हलवायच्या आधी,” मी म्हणाले.